पटावरचे नाव, पंगतीतले पान

(प्रस्तावना)

प्रस्तावना लिहिण्याचे काम पत्करताना मनुष्य सामान्यतः दोन गोष्टींच्या भरवशावर असतो. एक, विषय आपल्या परिचयाचा आहे; आणि दुसरी, वाचक प्रस्तावना वगळून पुढे जाणार आहे. प्रस्तुत पुस्तकाच्या बाबतीत पहिला भरवसा हस्तलिखित वाचता वाचताच ढासळला, आणि दुसऱ्यावर विसंबून चार ओळींत सुटका करून घ्यावी तर संपादकांनी ‘सविस्तर लिहावे’ असा लेखी आग्रह धरलेला. तेव्हा जे लिहिले आहे ते सविस्तर आहे. वाचकाने ते वगळल्यास माझी तक्रार नाही.

वसतिगृहांत राहून महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या स्त्रीपुरुषांच्या आठवणींचा हा संग्रह आहे. लिहिणारे निरनिराळ्या जातींचे, धर्मांचे, जिल्ह्यांचे आणि पिढ्यांचे असून त्यांतील बहुतेकांच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच होते. उच्चशिक्षणातील ‘वैविध्य’ आणि ‘सर्वसमावेशकता’ हे शब्द अलीकडे शासकीय परिपत्रकांतून आणि विद्यापीठांच्या वार्षिक अहवालांतून इतक्या मुबलकपणे येतात, की त्यांचा अर्थ विचारणे हे जवळजवळ उद्धटपणाचे ठरावे. शब्द वाईट नाहीत. परंतु ते ज्यांच्याविषयी योजले जातात त्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही या संग्रहात ते वापरलेले नाहीत, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटली. त्यांनी वापरलेले शब्द निराळे आहेत: दाखला, फी, खोली, कॉट, डबा, मेस, भाकरी. आपल्या भाषेत या विषयाला पुरेसे पडणारे दोन जुने शब्द आहेतच. एक पट आणि दुसरा पंगत. पटावर नाव चढविणे हे हुकुमाचे काम आहे. सरकारने कलम घातले, विद्यापीठाने नियम केला, की कारकुनाला नाव लिहून घ्यावेच लागते. पंगतीत पान मांडणे हे मात्र हुकुमाने होत नाही, आणि झाले तरी त्या पानावर बसलेल्याच्या घशाखाली घास उतरेलच याची हमी कोणताही हुकूम देऊ शकत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत आपण पटाच्या बाबतीत पुष्कळ मजल मारली, पंगतीच्या बाबतीत पुष्कळच कमी, आणि या दोहोंमधले अंतर वर्गखोलीपेक्षा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात अधिक स्वच्छ दिसते, असे मला हे हस्तलिखित वाचून वाटू लागले आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्यानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांत कोकणातून आणि घाटावरून पुण्या-मुंबईस शिकावयास आलेल्या गरीब मुलांच्या हकिगती आपण मोठ्या आदराने वाचत आलो आहोत. मधुकरी मागून, सात घरी वार लावून, रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून विद्या संपादन करणाऱ्या विद्यार्थ्याची प्रतिमा मराठी मनात इतकी रुजली आहे की गरिबी आणि विद्या यांचे नाते सांगताना आपल्याला दुसरे चित्र सुचतच नाही. त्या मुलांचे कष्ट खरे होते, त्यांविषयी उणा शब्द काढण्याचा माझा हेतू नाही. परंतु या चित्रात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही, की ज्याच्या दाराशी मुलगा उभा राहतो त्या घरातून त्याला शिजलेले अन्न मिळू शकते आणि ज्याच्या ओसरीवर तो निजतो त्या घराला त्याच्या निजण्याने विटाळ होत नाही. वार लावून जेवणे ही समाजाने न बोलता, न लिहिता, कोणतेही अनुदान न घेता चालविलेली एक शिष्यवृत्तीच होती. मात्र तिची सनद ठराविक जातींत जन्मलेल्यांच्याच नावे निघालेली होती. कुणब्याचा मुलगा तितकाच भुकेला असला तरी त्याला वार लागत नव्हता. महाराच्या मुलाची तर गोष्टच नको. गुणवत्तेच्या गप्पा मारताना ही अलिखित शिष्यवृत्ती आपण जमेच्या बाजूस धरीत नाही, हा आपल्या हिशेबातला जुना घोळ आहे.

भीमराव आंबेडकरांच्या बालपणीचा एक प्रसंग चरित्रकारांनी नोंदविला आहे. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडविण्यास बोलाविले, तेव्हा वर्गात एकच गलबला उडाला. कारण मुलांनी आपापले जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते, आणि हा मुलगा फळ्यापाशी पोहोचण्याच्या आत ते हलविणे अवश्य होते. शाळा सरकारी होती, प्रवेश रीतसर झालेला होता, पटावर नाव होते, शिक्षकांनी स्वतः होऊन फळ्याशी बोलाविले होते. अडचण फक्त डब्यांची होती.

याच डब्यांच्या अडचणीला करवीर दरबारात जे उत्तर शोधले गेले, त्याच्यापाशी थोडे थांबणे भाग आहे. कारण ते उत्तर जितके यशस्वी ठरले तितकेच ते आजही प्रश्न उभा करते. कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० पासून चालू होते. खेड्यांतील मुलांस तेथे शिकता यावे म्हणून १८९६ साली शाहू छत्रपतींनी सर्व जातींना खुले असे वसतिगृह काढले. कागदावर त्यात काहीच न्यून नव्हते. तरीही चार-पाच वर्षांच्या आत ते व्यवहारतः ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. कोणी कोणाला हाकलून दिल्याचा पुरावा शोधू गेल्यास तो बहुधा मिळणार नाही. तशी गरजही नसते. स्वयंपाकी कोण, पाणी कोणी भरावयाचे, सोवळे कोठवर, कोणाच्या पानाशेजारी कोणाचे पान, या रोजच्या बारीकसारीक बाबींतून एखाद्या मुलास ‘हे आपले ठिकाण नव्हे’ असे उमजते, आणि तो मुकाट्याने आपली वळकटी उचलून गावी परततो. जाताना तो अर्ज करीत नाही, आणि म्हणून दप्तरात त्याची नोंद राहत नाही.

महाराजांनी हे ओळखले. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी दिगंबर जैनांचे, १९०६ साली मुसलमानांचे, त्याच सुमारास लिंगायतांचे, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, ज्यास मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्येचे नाव देण्यात आले. पुढे दैवज्ञ, शिंपी, सारस्वत, पांचाळ, ख्रिस्ती असे करता करता कोल्हापूर हे वसतिगृहांचे माहेरघर म्हणूनच ओळखले जाऊ लागले. याच काळात, २६ जुलै १९०२ रोजी, महाराज स्वतः विलायतेत असताना करवीर सरकारचा तो सुप्रसिद्ध हुकूम निघाला, ज्याने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्या हुकुमाची आठवण आपण दरसाल करतो, ते योग्यच आहे. परंतु नोकरीच्या पटावर नाव चढविणाऱ्या हुकुमाच्या आधी एक वर्ष महाराजांनी जेवणाच्या पानाची तजवीज केलेली होती, हा क्रम सहसा कोणी ध्यानात घेत नाही. लायक उमेदवार मिळत नाहीत, ही तक्रार सव्वाशे वर्षांपूर्वीही होतीच. उमेदवार तयार होण्यासाठी त्याने आधी चार-सहा वर्षे शहरात कोठेतरी जेवले पाहिजे, एवढी साधी गोष्ट ज्याला कळली असा तो राज्यकर्ता होता.

आता प्रश्न असा, की ज्याला जातिभेद मोडावयाचा होता त्या राजाने जातवार वसतिगृहे का काढली? हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला, आणि या संग्रहातील एका तरुण लेखकानेही तो जरा तावातावाने मांडला आहे. मला त्याचा ताव आवडला, निष्कर्ष पटला नाही. खुले वसतिगृह आधी काढून पाहिले गेले होते. ते बंद दाराचे ठरले. ज्या घरात आपण पाहुणे म्हणूनही मान्य नाही तेथे ‘सर्वांना खुले’ ही पाटी वाचीत उभे राहण्यापेक्षा आपल्या घरात पोटभर जेवून अभ्यासास बसणे त्या मुलांस अधिक मोकळे वाटले असेल, तर दोष पाटी वाचणाऱ्याचा नव्हे. मात्र ज्या छताखाली मोकळे वाटते तेच छत हळूहळू कुंपण होऊन बसते, हेही तितकेच खरे. जातीच्या बोर्डिंगातून शिकलेला मुलगा शहाणा झाला तरी पंगत मात्र आपल्याच जातीची ओळखू लागला, आणि काही ठिकाणी ती सवय चार पिढ्या टिकली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि यांपैकी एकच निवडा असा आग्रह जे धरतात त्यांना बहुधा कधी उपाशी निजावे लागलेले नसते.

कुंपणाची गोष्ट निघालीच आहे तर भाऊराव पाटलांचा तो प्रसंग सांगितला पाहिजे. कुंभोजचा हा मुलगा कोल्हापुरास जैन बोर्डिंगात राहत असे. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास तो गेला, आणि परत आल्यावर आंघोळ केल्याशिवाय भोजनगृहात पाऊल टाकावयाचे नाही, असे सांगण्यात आले असता त्याने आंघोळीस साफ नकार दिला. परिणामी त्याला बोर्डिंग सोडावे लागले. एक बादली पाण्याचा प्रश्न होता. महाराष्ट्रातील उच्चशिक्षणाच्या इतिहासात पुष्कळ ठराव, आयोग आणि अहवाल आहेत; पण त्या न ओतलेल्या बादलीइतकी दूरवर पोहोचलेली गोष्ट मला तरी दुसरी आठवत नाही. याच भाऊरावांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ साली ती साताऱ्यास नेली, आणि तेथे सर्व जातींची मुले एका छपराखाली राहतील, पाळीपाळीने एकाच चुलीवर रांधतील आणि एकाच पंगतीस जेवतील असे वसतिगृह चालविले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. नाव शाहूंचे आणि रीत मात्र शाहूंच्या जातवार बोर्डिंगांहून उलटी. गुरूचे ऋण फेडण्याचा हा प्रकार मला फार मनोज्ञ वाटतो. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही, हे सर्वश्रुत आहे. सर्वश्रुत झालेल्या गोष्टीतली धार बोथट होते म्हणून एवढेच ध्यानात आणून देतो, की जुन्या वळणाच्या जैन घरातून आलेल्या त्या बाईने सर्व जातींच्या मुलांना स्वतःच्या हाताने वाढले. सोने मोडण्यापेक्षा ते वळण मोडणे त्यांना आधी आणि अधिक कठीण गेले असले पाहिजे. संस्थेचे साताऱ्यातील महाविद्यालय १९४७ साली निघाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही रीत वसतिगृहातून उचलून महाविद्यालयात आणली गेली. सामान्यतः उलट घडते. महाविद्यालय आधी आणि वसतिगृह मागाहून, जागा आणि पैसा उरल्यास.

स्त्रियांच्या बाबतीत इतिहास आणखी आडवळणाने गेला. मुंबई विद्यापीठाने १८८३ साली स्त्रियांना पदवीचा मार्ग मोकळा केला आणि कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाल्या. पण त्या ज्या वर्गात बसत तेथे त्यांच्याभोवती शेकडो तरुण आणि त्या एकट्या, अशी स्थिती होती. धोंडो केशव कर्वे यांनी हिंगण्यास आधी आश्रम बांधला आणि विद्यापीठ १९१६ साली, म्हणजे येथेही राहण्या-जेवण्याची सोय पदवीच्या पंधरा-सोळा वर्षे आधी झाली. या संग्रहातील स्त्रियांच्या लेखांत जातीइतकाच घड्याळाचा जाच दिसतो: मुलांचे वसतिगृह रात्रभर उघडे आणि मुलींचे संध्याकाळी सातला बंद, ग्रंथालय मात्र दोघांनाही आठपर्यंत खुले. तो एक तास कोणाच्या शिक्षणातून वजा झाला, याचा जाब कोणत्याही कुलसचिवाला द्यावा लागलेला नाही.

औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाविषयी या पुस्तकात तीन लेख आहेत आणि ते तिन्ही उत्कृष्ट असल्याने मी फार लिहीत नाही. हैदराबाद संस्थान भारतात सामील होऊन जेमतेम पावणेदोन वर्षे झाली होती. जेथे उच्चशिक्षण म्हणजे दूरच्या हैदराबादेत आणि उर्दूतून, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती, त्या मराठवाड्यात १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने हे महाविद्यालय काढले. परिसराला नागसेनवन आणि महाविद्यालयाला ग्रीक राजा मिलिंदाचे नाव, म्हणजे उत्तर देणाऱ्या भिक्षूचे नाव झाडांना आणि प्रश्न विचारणाऱ्याचे नाव शिक्षणाच्या घराला. या निवडीत बाबासाहेबांचा संपूर्ण शिक्षणविचार सामावलेला आहे असे मला वाटते. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक याच वसतिगृहांतील मुलांनी उभे केले. आणि ज्या मुलांना गावच्या जत्रेत तमाशाच्या फडापासून दूर उभे राहावे लागे ती मुले रंगमंचाच्या मध्यभागी उभी राहून बोलू लागली. पुढे मराठी साहित्यात जो नवा आवाज उमटला त्याचे एक मूळ या वनात आहे, हे साहित्याच्या इतिहासकारांनी मान्य केलेलेच आहे.

आता थोडे स्वतःविषयी. प्रस्तावनाकाराला तेवढी मुभा असते, आणि संपादकांनी मला विचारले तेही माझ्या विद्वत्तेसाठी नव्हे, तर मी एका जिल्ह्याच्या गावी सात वर्षे वसतिगृहाचा अधीक्षक, मुलांच्या भाषेत रेक्टर, होतो म्हणून. माझ्या ताब्यात एक लोखंडी कपाट होते आणि त्यात दोन मुख्य वह्या. एक प्रवेशाची: नाव, गाव, जात, पालकांचे उत्पन्न, सवलतीचा प्रकार. दुसरी मेसची: रोजची हजेरी, आणि जो जेवणार नाही त्याच्या नावापुढे ‘कट’. रविवारी दुपारी फीस्ट असे, म्हणजे गोडधोड किंवा सामिष. तिचे पैसे महिन्याच्या बिलाबाहेर, जेवेल त्याने द्यावयाचे. रविवारी रात्री मेस बंद. एका मुलाच्या नावापुढे वर्षभर प्रत्येक रविवारी ‘कट’ होता. मी वही रीतसर तपासून खाली सही करीत असे, आणि हा मुलगा घराला धरून आहे, दर आठवड्याला आईबापांना भेटतो, असे समजून वर्षअखेरीस त्याच्या वर्तणुकीच्या दाखल्यावर मी एक चांगले वाक्य लिहिले. त्याचे गाव दीडशे किलोमीटरवर होते आणि जाण्यायेण्याचे एसटीचे भाडे फीस्टच्या तिप्पट. हे प्रवेशाच्या वहीवरून कोणालाही कळले असते. ती वही त्याच कपाटात, वरच्या खणात होती. मुलगा दर रविवारी सकाळी पिशवी घेऊन निघे, दिवसभर स्टँडवर बसे, आणि दिवेलागणीला परत येऊन आईची खुशाली सांगे. मला हे कळले ते मेसमध्ये भाकऱ्या करणाऱ्या बाईंकडून, आणि त्यांनाही ते कळून पुष्कळ दिवस झाले होते.

मी त्याला बोलावून फीस्टचे पैसे माफ करतो म्हणालो. त्याने शांतपणे नकार दिला, आणि तो देताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर दया नाकारणाऱ्याची नव्हती, तर आपली वर्षभर जपलेली एक वस्तू दुसऱ्याने हात लावून मळवली असे वाटणाऱ्याची होती. पुढच्या वर्षी मी फीस्टचा खर्च सर्वांच्या मासिक बिलात घातला आणि गोडाधोडाचे प्रमाण निम्मे केले. चार सधन पालकांची तक्रारीची पत्रे आली. तो मुलगा तोवर पदवी घेऊन गेलेला होता.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. नंतर सवलतींचे आणि योजनांचे जाळे विणले गेले. अपंग विद्यार्थ्यांसाठी २०१६ च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या गेल्या. भेदभाव रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली स्वतंत्र विनियम केले. पटाची बाजू, म्हटले तर, भक्कम आहे. पण जागा राखली आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर, उद्वाहन नाही, अशी इमारत आजही शोधावी लागत नाही. हैदराबादेत शिकणाऱ्या रोहित वेमुला याने २०१६ साली आणि मुंबईत शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी २०१९ साली आपले जीवन संपविले, तेव्हा ते दोघेही पटावर होते, आणि दोघांचीही शेवटची वास्तू वसतिगृहाची खोली होती. त्यांच्या मातांनी सर्वोच्च न्यायालयात जो अर्ज केला त्यात नव्या कायद्याची मागणी नव्हती. असलेले २०१२ चे विनियम पाळले जावेत ही मुख्य विनंती होती. यावर भाष्य करण्याची माझी योग्यता नाही.

स्वयंपाकघराकडे परत येतो. २०१८ साली शासनाने आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांतील मेस बंद करून भोजनाची रक्कम विद्यार्थ्यांच्या बँकखात्यात थेट जमा करण्याचे ठरविले. कारभाराच्या दृष्टीने योजना सुटसुटीत. मधला ठेकेदार गेला, हिशेब स्वच्छ झाला. तरीही त्या जुलैत आदिवासी मुले-मुली पुण्याहून नाशिककडे पायी निघाली, आणि मागणी अशी, की आम्हाला पैसे नकोत, मेस द्या. पुष्कळ शहरी मंडळींना ही मागणी चमत्कारिक वाटली. रक्कम उशिरा येते, आलेली गावी पाठवावी लागते, शहरातली खानावळ परवडत नाही, ही कारणे तर आहेतच. परंतु धडगाव-अक्कलकुव्याहून आलेल्या मुलाला शहरात ज्या एकमेव ठिकाणी आपली बोली बोलत, आपल्या चालीने, कोणाच्या नजरेखाली न येता जेवता येई ते ठिकाण काढून घेऊन त्याच्या हातावर पैसे ठेवणे, म्हणजे पंगत मोडून शिधा देणे होय. शिधा घेणाऱ्याची आणि पंगतीत बसणाऱ्याची आपल्या समाजात काय निराळी गणना होते, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये.

पुण्यातील विद्यापीठाच्या वसतिगृहात ज्याला अधिकृत जागा मिळाली नाही आणि जो मित्राच्या खोलीत जमिनीवर पथारी टाकून राहतो त्याला मुले ‘पॅरासाइट’ म्हणतात. शब्द जीवशास्त्रातला, अर्थाने कठोर. पण तो इतक्या सहजतेने आणि इतक्या आपुलकीने वापरला जातो की या संग्रहातील दोघांनी आपला परिचयच तसा करून दिला आहे. एका कॉटवर दोघे, एका डब्यात तिघे. साताऱ्या-कोल्हापुरात गावाहून एसटीने येणारा डबा ज्यांनी वाटून खाल्ला त्यांना हा हिशेब ठाऊक आहे. नियमाने पाहता हे लोक पटावर नाहीत आणि पंगतीत आहेत, म्हणजे माझ्या सिद्धांताला छेद देणारे. सिद्धांताचे काय करावयाचे ते मी ठरविलेले नाही. पॅरासाइटांवर छापा घालण्याचे काम रेक्टर असताना मीही केले आहे, आणि दर वेळी दार ठोठावण्यापूर्वी जरा मोठ्याने खोकलो आहे.

लेखांविषयी दोन शब्द. सर्वच लेखन सारख्या दर्जाचे नाही. काहींनी यशाची कहाणी सांगण्याच्या उत्साहात उपासाचे दिवस दोन ओळींत गुंडाळले, काहींनी उलट केले. इंग्रजी व्याख्याने कळत नसताना पहिले वर्ष कसे काढले, याविषयीची एका अभियंत्याची पाने मात्र शिक्षकांनी अवश्य वाचावीत. त्या वर्षात त्याने वर्गात एकही प्रश्न विचारला नाही आणि सर्व प्राध्यापकांनी त्याला ‘गंभीर विद्यार्थी’ ठरविले. अर्जावरच्या ‘वडिलांचे नाव’ या रकान्यात काय लिहावे, या एकाच पेचावर एका तरुण बाईंनी सहा पाने लिहिली आहेत. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव घालणे राज्य सरकारने आवश्यक केले आहे. ती मुले महाविद्यालयात पोहोचतील तेव्हा ही सहा पाने कोणाला कळणार नाहीत, अशी आशा बाळगतो.

एक लेख सर्वांत शेवटी, पुस्तक छपाईस जाण्याच्या बेतात असताना, संपादकांच्या हाती आला. तो लिहिलेला नाही, सांगितलेला आहे. सांगणाऱ्या बाईंना लिहिता येत नाही. माझ्या वसतिगृहात एकोणीस वर्षे भाकऱ्या करणाऱ्या त्या याच बाई. त्यांना मुलांची नावे फारशी आठवत नाहीत, पण कोण किती भाकऱ्या खाई ते आठवते, कोण आधी येऊन बसे आणि कोण सर्वांचे झाल्यावर येई ते आठवते, आणि कोणाची जात कोणती तेही, न लपविता, त्यांनी सांगून टाकले आहे. रविवारी पिशवी घेऊन निघणारा मुलगा त्यात आहे. त्या पिशवीत शनिवारी रात्रीच्या दोन भाकऱ्या बाई घालून देत असत, हे मला हस्तलिखितातच प्रथम कळले. ‘रेक्टरसाहेबांना उशिरा कळलं’ असे एक वाक्यही आहे. हा लेख शेवटी घालावा, अशी सूचना मी केली होती. संपादकांनी तो पहिला छापला आहे.